गावातली तिशी-पस्तिशीतली साखर आणि रक्तदाब : पहिला आकडा निघाल्यानंतर पुढे काय?

माळवानिवासी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इंदूरच्या आसपासच्या गावांत, मुख्यतः सांवेर आणि देपालपूर तहसिलींत, आम्ही काही मराठी मंडळी बऱ्याच वर्षांपासून रक्तदाब आणि रक्तशर्करा तपासणीची शिबिरे घेत आहोत. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे रक्त घेणे आणि नोंदी ठेवणे ही कामे माझ्याकडे असतात. शिबिरात ज्याची साखर तीनशे निघते त्याची वाट त्यातल्या त्यात सरळ असते. त्याला तहान लागत असते, वजन उतरलेले असते, आणि घरचेच त्याला दवाखान्यात नेतात. मला काळजी वाटते ती धडधाकट दिसणाऱ्या, पस्तिशीच्या आतबाहेरच्या, उपाशीपोटी साखर ११२ आणि रक्तदाब १३६/८८ निघालेल्या माणसाची. त्याला काहीच दुखत नाही. आपण त्याला "थोडे जास्त आहे, गोड कमी करा" एवढे सांगतो, तो मान डोलावतो आणि निघून जातो.

गेल्या हिवाळ्यात एका शेतकऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक चिठ्ठी काढून मला दाखवली. त्या पिशवीत समग्र आयडीची (मध्य प्रदेश शासनाच्या कुटुंब-ओळखपत्राची) झेरॉक्स, राशनकार्ड आणि मंडीत सोयाबीन विकल्याची पावती होती, आणि त्यांच्यामध्ये जुन्या एका शिबिरातली ती चिठ्ठी चौपट घडी घालून ठेवलेली होती. शाई पसरली होती, तरी १३८/९० आणि त्याखाली "बीपी बॉर्डर" एवढे वाचता येत होते. चिठ्ठीवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. आम्ही मोजला तेव्हा वरचा आकडा १६०च्या पुढे गेला होता. मधल्या काळात त्याचा रक्तदाब कोणीही मोजला नव्हता. त्याने चिठ्ठी मात्र जपून ठेवली होती, म्हणजे त्याला आस्था नव्हती असे म्हणता येणार नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि चेन्नईचे मद्रास डायबिटीज रिसर्च फाउंडेशन यांनी देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. एक लाख तेरा हजारांहून अधिक प्रौढांच्या त्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, मधुमेहपूर्व अवस्थेचे १५.३ टक्के आणि उच्च रक्तदाबाचे ३५.५ टक्के आढळले. शहरात मधुमेह १६.४ टक्के आणि खेड्यात ८.९ टक्के होता, त्यामुळे खेडी अजून वाचलेली आहेत असे वरवर वाटते. परंतु मधुमेहपूर्व अवस्थेच्या बाबतीत शहर आणि खेडे यांच्यात जवळजवळ फरकच नव्हता. म्हणजे खेड्यातली माणसे त्याच रस्त्यावर आहेत, फक्त थोडी मागे आहेत, आणि त्यांना थांबवण्यासाठी आपल्या हातात अजून काही वर्षे आहेत.

माझे म्हणणे असे आहे की आपण शिबिरांची संख्या वाढवत नेतो, पण त्याच माणसाची दुसरी तपासणी कोण करणार, कधी आणि कुठे, हे ठरवत नाही. या क्षेत्रात काम केलेल्यांनी, आणि गावात राहणाऱ्यांनी तर अवश्य, आपला अनुभव येथे मांडावा.

निवृत्त परिचारिका

काका, प्रश्न अगदी योग्य आहे. पण दुसऱ्या तपासणीच्या आधी पहिला आकडा तरी खरा आहे का, हे पाहावे लागते. शिबिरातला रक्तदाब बहुतेक वेळा घाईत मोजलेला असतो. माणूस सायकल मारत आलेला असतो, रांगेत बिडी ओढून झालेली असते, दिवस थंडीचे असतात म्हणून पट्टा स्वेटरच्या बाहीवरूनच गुंडाळला जातो, पाठीला टेका नसलेल्या स्टुलावर त्याला बसवतात, हात खाली लोंबत असतो, आणि मोजणारी व्यक्ती त्याच वेळी त्याला नाव-गाव विचारत असते. यांतली प्रत्येक गोष्ट आकडा वाढवते. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल, तरीही आकडा खोटा वाढतो.

मी सरकारी आरोग्य केंद्रात असताना शिकाऊ मुलींना हेच बजावत असे की माणसाला आधी पाच मिनिटे गप्प बसू द्यावे, पाठीला आधार द्यावा, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवायला सांगावे, दंड उघडा करून हृदयाच्या पातळीवर टेकवावा, लघवी लागली असेल तर आधी जाऊन येऊ द्यावे, आणि चहा किंवा तंबाखू घेऊन अर्धा तास झालेला नसेल तर थांबवावे. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. एवढे केल्यावरही १४०/९० किंवा त्याहून जास्त निघाला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्याशिवाय "तुम्हाला बीपी आहे" असे सांगू नये. काका ज्या मधल्या गटाबद्दल लिहीत आहेत, वरचा १२० ते १३९ किंवा खालचा ८० ते ८९, त्या गटाला वर्षातून एकदा तरी नक्की मोजायला हवे.

आणखी एक गोष्ट लिहिते, कारण शहरातल्या पुष्कळ जणांना ती ठाऊक नसते. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ साली पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाला, त्या पाच राज्यांत आपला मध्य प्रदेश होता. त्यातली कल्पना साधी आहे. सगळीकडे एकच ठरलेली औषधयोजना असावी, औषध सरकारी केंद्रात विनामूल्य मिळावे, महिन्याच्या गोळ्या घराजवळच मिळाव्यात, आणि जो रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही त्याला फोन करून किंवा घरी जाऊन बोलवावे. यातले शेवटचे काम सर्वांत कठीण, आणि नेमके तेच सगळ्यात आधी मागे पडते.

सुदामानगर

एक शंका विचारतो. मधुमेह आणि रक्तदाब हे बैठ्या कामाचे आजार, असेच आम्ही ऐकत आलो आहोत. शेतात राबणाऱ्या माणसाला, तेही तिशीत, हे का व्हावे? माझ्या पाहण्यातले गावाकडचे बहुतेक लोक अंगाने बारीकच आहेत.

काळी माती

मी देपालपूरकडे राहतो. होळकरांच्या काळात आमच्या घराण्याला येथे जमीन मिळाली आणि तेव्हापासून शेती हाच आमचा व्यवसाय आहे, म्हणून सुदामानगर दादांना मीच उत्तर देतो.

दिवसभर राबणारा शेतकरी हे चित्र माझ्या आजोबांच्या बाबतीत खरे होते. आता पेरणी ट्रॅक्टरवर होते, तण फवारणीने जाते, गहू हार्वेस्टर कापतो, आणि शेतावर आम्ही मोटारसायकलने जातो. जून-जुलैत सोयाबीनची पेरणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणी या दिवसांत धावपळ असते. पुढे गहू, हरभरा, लसूण, बटाटा यांना पाणी देण्यासाठी रात्री-बेरात्री उठावे लागते, कारण वीज त्याच वेळी असते. मार्चच्या अखेरीस गहू घरात आला की पाऊस पडेपर्यंत अंगमेहनतीचे काम फारसे नसते. त्या महिन्यांत गावातली पुरुषमंडळी चौकातल्या हॉटेलात बसतात आणि दर तासाला कोणी ना कोणी चहा मागवतो. आमच्याकडचा चहा किती गोड असतो, हे इकडच्यांना सांगायला नको. शेतमजूर, आणि त्यांतही बायका, अजूनही वर्षभर राबतात. जमीनवाल्या घरांतली मेहनत मात्र कमी झालेली आहे.

जेवणाचे सांगायचे तर आजीच्या काळी घरात ज्वारीची आणि मक्याची भाकरी रोज होत असे, आणि गव्हाच्या पोळ्या पाहुण्यांसाठी किंवा सणाला. १९७०च्या दशकापासून माळव्यात सोयाबीन पसरत गेले, शेतातली ज्वारी कमी होत गेली आणि काही वर्षांनी ती ताटातूनही गेली. आता सकाळी पोहे आणि त्यावर मूठभर शेव, दुपारी पोळ्या आणि बटाट्याची भाजी, रात्री पुन्हा पोळ्या, आणि कोणी आले-गेले की दाल-बाफले. बाफले म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, ते तुपात बुडवूनच वाढतात. ज्या सोयाबीनमध्ये एवढी प्रथिने असतात ते आम्ही पिकवतो आणि सगळे मंडीत घालतो. घरात त्याचे फक्त तेल परत येते. मला हे फार खटकते.

फिजिशियन_इंदूर

काळी माती यांनी खाण्याची आणि श्रमाची बाजू फार नेमकी मांडली आहे. "बारीक माणसाला कसे होते" या प्रश्नाला मी वैद्यकाच्या बाजूने थोडी जोड देतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. या बाळांचे जन्मवजन इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत बरेच कमी होते. हातापायांवर आणि स्नायूंत ती रोड होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला बारीक, पण आतून चरबी बाळगणारे शरीर घेऊन आपल्याकडची पुष्कळ माणसे जन्माला येतात. साखर वापरून टाकण्याचे मोठे काम स्नायू करतात. ते कमी, आणि पोटातली चरबी अधिक, असे असेल तर वजनकाटा ६० किलो दाखवत असतानाही इन्सुलिनचा परिणाम मंदावलेला असू शकतो. म्हणूनच आपल्या लोकांसाठी बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २३च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात, आणि कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात.

माळवानिवासी काका, आपल्या शिबिरात सुईच्या आधी शिंप्याचा टेप वापरावा, अशी माझी सूचना आहे. काकांनी उल्लेखलेल्या चेन्नईच्या त्याच संस्थेने भारतीयांसाठी जोखीम मोजण्याची एक सोपी गुणपद्धत तयार केली आहे आणि तिच्यात रक्ताची गरजच नाही. वय, कंबर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह या चारच गोष्टींचे गुण त्यात मांडतात. समजा, ३६ वर्षांचा एक शेतकरी आहे. वय ३५ ते ४९ मध्ये असल्याचे २० गुण झाले. कंबर ९२ सेंटिमीटर, त्याचे १० गुण. अंगमेहनत आहे पण नियमित व्यायाम नाही, त्याचे २०. वडिलांना मधुमेह, त्याचे १०. बेरीज ६० झाली, आणि ६० किंवा त्याहून अधिक म्हणजे जोखीम मोठी. हा माणूस स्वतःला पूर्ण निरोगी समजत असतो आणि त्याला पाहून आपल्यालाही तसेच वाटते. त्याची शिरेतील रक्तावरची तपासणी आधी करावी.

निमाडकर

माझी शिक्षक म्हणून सारी नोकरी बडवानीकडे गेली आणि आता मी राजेंद्रनगरला असतो. डॉक्टरसाहेब, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा, आता ती अंगणवाडीत काम करते, मला फोन आला होता. एचबीए१सी तपासणीत तिचा आकडा ६.१ आला आणि तिला मधुमेहाच्या सीमेवर असल्याचे सांगण्यात आले. तिचे हिमोग्लोबिन आठच्या आसपास आहे. घरात सिकल सेलचाही, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचाही, इतिहास आहे. तो ६.१ कितपत खरा मानावा?

फिजिशियन_इंदूर

निमाडकर सर, हा प्रश्न आपल्या भागासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे याचे माप. ५.७च्या खाली सामान्य, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व अवस्था आणि ६.५पासून पुढे मधुमेह, असे आपण धरतो. हे माप खरे ठरण्यासाठी तांबडी पेशी आपले सुमारे १२० दिवसांचे आयुष्य नेहमीप्रमाणे जगलेली असावी लागते. लोहाच्या कमतरतेच्या रक्तक्षयात हा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकतो. सिकल सेलच्या रुग्णात पेशी लवकर फुटतात आणि आकडा फसवा कमी येतो. ज्यांच्यात सिकल सेलचा केवळ एकच जनुक आहे, त्यांच्यातही काही यंत्रांवर तो चुकतो. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी या जिल्ह्यांत सिकल सेल आहे, आणि देशाचे सिकल सेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातल्या शहडोल येथून सुरू झाले, यावरून प्रश्न किती मोठा आहे ते लक्षात यावे.

त्यामुळे आपल्या विद्यार्थिनीने त्या ६.१ वर विसंबून घाबरू नये, आणि निश्चिंतही होऊ नये. तिने उपाशीपोटी शिरेतील रक्ताची साखर तपासावी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी पुन्हा तपासावी. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा दोन तासांनी २०० किंवा त्याहून जास्त आली आणि ती फेरतपासणीतही तशीच निघाली, तर मधुमेह. दोन तासांनंतरची साखर १४० ते १९९ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था. उपाशीपोटीच्या खालच्या मर्यादेबद्दल दोन मते आहेत. अमेरिकन संघटना १००पासून धरते आणि जागतिक आरोग्य संघटना ११०पासून. दरम्यान तिच्या रक्तक्षयाचे कारण शोधून उपचार सुरू व्हायलाच हवा. आठ हिमोग्लोबिन हा स्वतंत्र आजार आहे आणि साखरेच्या चर्चेत तो मागे पडता कामा नये.

सुदामानगर

मिठाबद्दल कोणी काही लिहिले नाही. माझ्या सासरवाडीला रक्तदाब निघाला की साध्या मिठाऐवजी सैंधव वापरतात. त्याचा उपयोग होतो का?

निवृत्त परिचारिका

नाही, आणि हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सैंधव हेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे, त्यामुळे रक्तदाबाच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. उलट ते "चांगले" म्हणून हात सैल सुटतो, आणि आयोडीनयुक्त मिठातले आयोडीनही जाते. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याएवढे, सगळ्या पदार्थांतले मिळून, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्या माळव्यात भाजीतल्या मिठावर लक्ष ठेवून भागत नाही, कारण शेव, पापड, लोणचे, कचोरी, ताकातले मीठ हे सगळे मोजणीच्या बाहेर राहते. मी घरोघरी जात असे तेव्हा "मीठ कमी करा" असे न म्हणता "शेव वरून घेऊ नका, आणि घरात आणायची तर आठवड्याला एकच पुडा आणा" असे सांगत असे. ते ऐकले जात असे, कारण त्यात नेमके काय करायचे ते कळते.

सोडियम कमी करून त्याजागी थोडे पोटॅशियम घातलेले मीठ मिळते, त्याचा मात्र पुरावा आहे. चीनमधल्या सहाशे खेड्यांत केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ वापरू नये, एवढी एक अट लक्षात ठेवावी.

काळी माती

ताई, आपण औषधांचा विषय काढलाच आहे तर मला एक दिसणारी गोष्ट मांडायची आहे. आमच्याकडे कंबर दुखली, गुडघे धरले, फवारणीचा पंप पाठीवर वाहून खांदा आखडला की माणूस जवळच्या पदवी नसलेल्या "डॉक्टर"कडे जाऊन इंजेक्शन घेतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. कापणीच्या दिवसांत तर हे रोजचेच. याचा साखरेशी किंवा रक्तदाबाशी काही संबंध आहे का?

फिजिशियन_इंदूर

थेट संबंध आहे. अशा इंजेक्शनांत बहुधा डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक असते आणि पुष्कळदा त्यासोबत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड. वेदनाशामकांमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब वाढतो, आणि उन्हात घाम गाळून शरीर कोरडे पडलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला इजा होते. स्टेरॉइडमुळे साखर चढते. मधुमेहपूर्व अवस्थेतला माणूस वारंवारच्या स्टेरॉइडने मधुमेहाच्या रेषेपलीकडे जाऊ शकतो. शिबिराच्या अर्जात "गेल्या आठवड्यात दुखण्याचे इंजेक्शन किंवा पुडीतल्या गोळ्या घेतल्या का" हा प्रश्न असायलाच हवा. उत्तर होकारार्थी असेल तर त्या दिवशीच्या आकड्यावरून निदान करू नये आणि त्याला पुन्हा बोलवावे.

विश्वामित्रीकाठ

मी बडोद्याहून हा धागा वाचत आहे. इकडेही गावांत हीच अवस्था आहे. मधुमेहपूर्व अवस्थेतच गोळी सुरू केली तर पुढचा मधुमेह टळत नाही का? रोजचे चालणे आणि पथ्य यांपेक्षा ते गावात सोपे पडेल, असे मला वाटते.

फिजिशियन_इंदूर

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवरच केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाच प्रश्न तपासला होता. सुमारे तीन वर्षांत केवळ आहार आणि हालचाल सुधारणाऱ्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले आणि केवळ मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटात २६.४ टक्क्यांनी. दोन्ही एकत्र केल्याने अधिक लाभ झाला नाही. गोळी निरुपयोगी नाही, पण तिच्यामुळे चालणे टळत नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि शाकाहारी घरांत ते आधीच कमी असते, हेही ध्यानात घ्यावे लागते. गोळीचा निर्णय डॉक्टरांनी माणूस पाहून घ्यावा. शिबिरात सरसकट गोळ्या वाटू नयेत.

निमाडकर

एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. गावात लग्न न झालेल्या मुलीची, किंवा नुकत्याच लग्न झालेल्या सुनेची, साखर जास्त निघाली हे बाहेर कळले तर त्याचे परिणाम तिलाच भोगावे लागतात. मी एका शिबिरात नाव पुकारून, मोठ्याने "शुगर १८०" असे सांगताना ऐकले आहे. ती मुलगी पुन्हा कोणत्याही तपासणीला आली नाही. कोणत्याही शिबिरात आकडा कागदावर लिहून फक्त त्या व्यक्तीच्या हातात द्यावा, आणि बायकांची बैठक वेगळ्या खोलीत असावी.

निवृत्त परिचारिका

सर, आपण म्हणता ते शंभर टक्के खरे आहे, आणि त्याला जोडून मी त्या स्त्रियांचा विषय काढते ज्या सर्वांच्या नजरेतून निसटतात. गरोदरपणात सरकारी केंद्रात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहतात, आणि ती १४० किंवा जास्त असेल तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. बाळंतपणानंतर साखर बहुधा पूर्वपदावर येते, सर्वांना हायसे वाटते आणि विषय संपतो. पण या बाईला पुढच्या काही वर्षांत कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते. सहा आठवड्यांनी तिची पुन्हा तपासणी व्हावी, असे ठरलेलेच आहे. त्या वेळी ती बहुतेक माहेरी असते. नोंद सासरच्या गावात आणि बाई दुसऱ्या जिल्ह्यात. ज्यांना गरोदरपणात रक्तदाब वाढला होता त्यांचेही तसेच. शिबिरात पंचवीस-तीस वर्षांची बाई आली तर तिला जच्चा-बच्चा कार्ड (गरोदरपण-बाळंतपणाच्या नोंदींचे कार्ड) घेऊन यायला सांगावे. ती माहिती तिच्या आजच्या साखरेइतकीच मोलाची आहे.

माळवानिवासी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. एवढी चर्चा वाचून मी सहकाऱ्यांपुढे जो प्रस्ताव ठेवणार आहे तो येथे लिहितो. त्यातल्या त्रुटी कृपया दाखवाव्यात.

दरवेळी नवे गाव घेण्याऐवजी मोजकीच गावे घ्यावीत आणि प्रत्येक गावात ठरावीक अंतराने परत जावे. ज्यांचे आकडे मधल्या पट्ट्यात आहेत त्यांची वेगळी वही असावी आणि तिच्यात नाव, कंबर, दोन्ही रक्तदाब, साखर उपाशीपोटी की जेवल्यानंतर, दुखण्याचे इंजेक्शन घेतले होते का, आणि पुढच्या भेटीचा महिना एवढे असावे. त्या माणसाच्या संमतीने या नोंदीची एक प्रत गावच्या आशा कार्यकर्तीला आणि आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य केंद्रातल्या, सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्याला द्यावी, कारण तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची तपासणी आणि पाठपुरावा हे त्यांच्याकडे सोपवलेले काम आहे. आपण समांतर दवाखाना उभा करू नये. आशाताईंचा अर्ज असतोच. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर, हालचाल आणि घरातला इतिहास यांचे गुण असतात आणि चारपेक्षा अधिक गुण असलेल्यांना आधी बोलावतात. आपल्या नोंदी त्याच अर्जाला जोडल्या तर दुसरी तपासणी कोणाची, याला उत्तर मिळते.

काळी माती

काका, प्रस्ताव उत्तम आहे. फक्त परतभेटीचे महिने शेतीकडे पाहून ठरवावेत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि गहू काढणीच्या वेळी कोणीही येणार नाही. गावाच्या हाटाच्या दिवशी माणसे मोकळी असतात, पण तेव्हा ती खाऊन-पिऊन आलेली असतात. उपाशीपोटी साखर हवी असेल तर सकाळी साडेसहाला यावे लागेल, कारण सात वाजेपर्यंत पहिला चहा झालेला असतो. मजुरांची रोजी बुडत असेल तर ते येणार नाहीत, आणि त्यांचे चुकते असेही मला वाटत नाही. त्यांच्यासाठी संध्याकाळी, दिवे लागल्यावर, रक्तदाब मोजून घ्यावा आणि साखरेसाठी दुसरी वेळ द्यावी. माझ्या गावापासून सुरुवात करायची असेल तर शाळेची खोली आणि बायकांसाठी पंचायतीची खोली मिळवून देण्याची जबाबदारी मी घेतो.

माळवानिवासी (धागाकर्ता)

मंजूर. पहिली भेट आपल्याच गावात, पेरणी आटोपल्यावर. एक तांत्रिक प्रश्न उरतो. मागच्या मे महिन्यात ग्लुकोमीटरचे काही आकडे मला पटले नव्हते. पट्ट्यांची मुदत संपलेली नव्हती. उन्हाने असे होऊ शकते का?

निवृत्त परिचारिका

होऊ शकते, आणि मे महिन्यात तर फारच. बहुतेक कंपन्यांच्या पट्ट्या तीस अंशांच्या आत ठेवायच्या असतात, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त होते. डबी गाडीत ठेवू नये, सोबत खोलीत न्यावी, प्रत्येक पट्टी काढल्यावर झाकण लगेच घट्ट लावावे, आणि डबी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी, कारण उघडल्यानंतरची मुदत वेगळी असते. बोट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. पेरू किंवा गूळ खाल्लेल्या बोटाला साखर लागलेली असते आणि यंत्र तीच मोजते. पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा. निघण्यापूर्वी कंपनीच्या तपासणी-द्रावणाचा एक थेंब टाकून आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत येतो का ते पाहावे, आणि जे आकडे पटणार नाहीत त्यांच्यासाठी फ्लोराइडच्या (रक्तातली साखर टिकवणाऱ्या) नळ्या व बर्फाचा डबा बरोबर ठेवावा, म्हणजे शिरेतले रक्त त्याच दिवशी इंदूरला प्रयोगशाळेत पोहोचवता येईल.